पाहुण्याला बाहेर जेवायला नेताना: इंदूरमध्ये जेवण आणि वाइन कशी मागवावी

इंदूरमध्ये नव्यानं नोकरीला लागलेल्या आपल्या मुलामुलींवर ही वेळ लवकरच येते. पुण्याहून साहेब येतात, होणारे सासू-सासरे भेटायला येतात, कॉलेजचा मित्र बायकोला घेऊन येतो आणि भाड्याच्या खोलीत त्यांचं जेवण मांडता येत नाही. सकाळी पोहे-जलेबी आणि रात्री सराफा, म्हणजे इथला रात्रीचा खाऊबाजार, फिरवून आणणं सगळ्यांना जमतं. विजय नगर किंवा पलासियातल्या एखाद्या बऱ्या रेस्टॉरंटमध्ये टेबलावर बसलं, कॅप्टननं (ऑर्डर घेणाऱ्या मुख्य वेटरनं) मेन्यू आणि सोबत वाइनची यादी हातात दिली, की मात्र अडायला होतं. हा लेख त्या संध्याकाळसाठी आहे.

माझ्या मते यातलं निम्मं काम घरून निघण्याआधीच उरकतं. उरलेलं पाहुण्याकडे लक्ष ठेवलं की होतं. वाइनची माहिती हवीच, पण तिचा नंबर त्यानंतरचा.

१. आधी विचारून घ्या, आणि नीट विचारा

“काय खाता?” असं विचारलं की आपला माणूस “काहीही चालेल” म्हणतो. या उत्तरातून काहीच कळत नाही. त्यापेक्षा एकेक नेमकी गोष्ट विचारा: मांसाहार चालतो का, अंडं चालतं का, कांदा-लसूण खाता का, तिखट कितपत सोसतं, कशाची ॲलर्जी आहे का. फोनवर दोन मिनिटांत होतं. चारचौघांत विचारण्यापेक्षा आदल्या दिवशी एकट्याला विचारलेलं बरं, कारण टेबलावर भिडस्त माणूस खरं सांगत नाही.

इंदूरमध्ये जैन कुटुंबं बरीच आहेत, तेव्हा सहकाऱ्यांत किंवा ग्राहकांत कुणी जैन असण्याची शक्यता धरून चाला. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा यांपैकी काहीच नको, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. सूर्यास्तानंतर न जेवणारेही आहेत, हे मात्र लक्षात राहत नाही. डिसेंबरात इथे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. अशा पाहुण्याला रात्री साडेआठला बोलावलं तर तो समोर नुसता बसून राहील. त्याला दुपारी न्या.

आपल्याकडचेही वार आणि तिथी असतात. कुणी गुरुवारी, कुणी शनिवारी मांसाहार करत नाही. चातुर्मासात अनेक घरांत कांदा-लसूण आणि वांगं बंद असतं. संकष्टी असेल तर चंद्रोदयापर्यंत उपास, म्हणजे नऊ-साडेनऊशिवाय ताट समोर घेता येत नाही. बुकिंग करण्याआधी कालनिर्णय उघडून तारीख बघायची सवय लावा. मी तरी ज्येष्ठ पाहुणे असले की ते पाहिल्याशिवाय दिवस ठरवत नाही.

पिण्याचा प्रश्न वेगळा आणि जास्त नाजूक. सासऱ्यांसमोर, मोठ्या काकांसमोर, पहिल्यांदा भेटणाऱ्या साहेबांसमोर आपण होऊन वाइनची यादी उघडू नये. त्यांच्या मुलाला किंवा बरोबर येणाऱ्या सहकाऱ्याला आधी विचारून घ्यावं. “जेवताना वाइन घ्यायला आवडेल का, की नको?” एवढंच. “नको” आलं तर विषय तिथेच संपला, आग्रह नाही आणि कारण विचारणंही नाही. आणि बायकांना वेगळं विचारा. नवऱ्यानं “ती नाही घेत” म्हटलं म्हणजे तिचं उत्तर मिळालं असं होत नाही.

२. दिवस आणि जागा

मध्य प्रदेशात दारू पिण्याचं किमान वय २१ आहे. ऑफिसातली नवी पोरं सोबत असतील तर हे आधी पाहून घ्या. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला ड्राय डे असतो. निवडणूक असेल तर मतदान संपण्याआधीचे ४८ तासही कोरडेच. बाहेरगावचे पाहुणे बरेचदा महाकालाच्या दर्शनाला आलेले असतात आणि उज्जैनला मुक्काम करतात. १ एप्रिल २०२५ पासून उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर अशा तीर्थस्थळी दारूविक्री पूर्ण बंद आहे. म्हणून वाइनसह जेवण घालायचं असेल तर ते इंदूरच्या मुक्कामात ठरवा. देवदर्शनाच्याच दिवशी रात्री पाहुण्याला ते रुचेल का, हेही त्यांना विचारावं.

अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्या, म्हणजे चित्ररथ, निघतात, तेव्हा राजवाड्याच्या आसपास गाडी नेण्याचा विचारही करू नका. तुळशीच्या लग्नानंतर लगीनसराई सुरू झाली की मोठ्या हॉटेलांचं किचन मेजवान्यांत गुंतलेलं असतं. टेबल मिळालं तरी पदार्थ उशिरा येतात.

जागा निवडताना एक कसोटी लावा: तिथे चार माणसांना आवाज न चढवता बोलता येतं का? लाइव्ह म्युझिकच्या शेजारी बसून होणाऱ्या सासूबाईंशी ओळख वाढत नाही. शक्य असेल तर दोन-चार दिवस आधी एकटे जाऊन एक भाजी आणि रोटी खाऊन या. मेन्यूचा फोटो घ्या, वाइनची यादी पाहा, कॅप्टनचं नाव विचारून ठेवा. पहिल्यांदाच गेलेल्या ठिकाणी पाहुण्याला नेणं मला पटत नाही, मग त्या जागेची ख्याती कितीही असो.

मग फोन करा. टेबल बुक करतानाच सांगायचं ते असं: किती जण, किती वाजता, कोपऱ्यातलं टेबल हवं, एक जण जैन आहे किंवा एकाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, आणि “व्हाइट वाइन की एक बोतल ठंडी करके रखिएगा”. हे शेवटचं वाक्य फार उपयोगाचं. वाइन कमी खपते अशा ठिकाणी बाटल्या बारच्या मागे दिव्याखाली उभ्या असतात आणि आयत्या वेळी मागितली की कोमट येते. नवख्या माणसाला सगळ्यात जास्त फायदा या एका फोनचा होतो.

३. जेवण मागवणं

टेबलावर बसल्यावर मेन्यू सगळ्यांच्या हाती द्या, पण ऑर्डर एकानंच सांगावी, आणि ते तुम्ही. चार जण चार बाजूंनी सांगायला लागले की एकसारख्या तीन ग्रेव्ह्या येतात आणि कोरडी भाजी राहून जाते.

पाहुण्याच्या समोरचा मेन्यू नुसता तसाच पडू देऊ नका. “यातलं काय आवडेल?” यापेक्षा “तुम्हाला पनीरचं काही सांगू, की मशरूम बघू या?” असं विचारलं की माणूस मोकळेपणानं बोलतो. आणि किमतीबद्दल त्याच्या मनात संकोच असतो हे ओळखून, तुम्हीच एखाद्या मधल्या किंवा वरच्या किमतीच्या पदार्थाचं नाव घ्या: “इथलं हे छान असतं, घेऊ या.” मग पाहुणा दाल-रोटीवर थांबत नाही.

प्रमाणाचा अंदाज असा धरा. उत्तर भारतीय रेस्टॉरंटमध्ये एक फुल प्लेट भाजी दोन-तीन जणांना पुरते. चौघांसाठी दोन स्टार्टर, एक रस्सेदार, एक कोरडी भाजी, एक डाळ, हव्या तशा रोट्या, आणि शेवटी हाफ भात. मांसाहारी असतील तर रस्सेदार भाजीच्या सोबत एक मटण किंवा चिकन. सगळं एकदम सांगू नका. स्टार्टर सांगा, ते अर्धे संपत आले की मुख्य जेवण सांगा. कॅप्टन “मेन कोर्स भी बता दीजिए सर” म्हणेलच, किचनच्या दृष्टीनं ते सोयीचं असतं. शांतपणे “थोडी देर में” म्हणा. रोट्या दोन-दोन करून मागवा, थंड नान कुणीच खात नाही.

तीन पदार्थ निवडताना ते तीन तऱ्हांचे आहेत ना, हे पाहा. लाल ग्रेव्ही दोनदा नको. पनीर स्टार्टरमध्ये आलं असेल तर भाजीत पुन्हा पनीर नको. एक तळलेलं, एक भट्टीतलं, एक साधं फोडणीचं असं असलं की जेवण जड होत नाही.

बाहेरगावच्या पाहुण्याला माळव्याचं काहीतरी खायला घालावं, असं मला मनापासून वाटतं. भुट्ट्याचा कीस मेन्यूवर दिसला तर जरूर घ्या. कोवळं कणीस किसून दुधात शिजवतात, वरून लिंबू आणि कोथिंबीर. मराठी माणसाला त्याची चव ओळखीची वाटते, तरी आपल्याकडच्या उसळीपेक्षा ती वेगळी. थंडीत आलात तर गराडू: कंद तळून त्यावर जिरावन मसाला आणि लिंबू. दाल-बाफला मात्र रात्री नको. बाफले आधी उकळत्या पाण्यात शिजवून मग भाजतात आणि तुपात बुडवून देतात. त्यानंतर माणसाला झोप हवी असते, गप्पा नव्हेत. तो दुपारचा बेत.

४. वाइन निवडणं

आता वाइन. यादीवरची नावं पाहून घाबरायचं कारण नाही. इंदूरच्या बहुतेक रेस्टॉरंटांत जी वाइन मिळते ती आपल्याच बाजूची असते. नाशिकची सुला २००० साली बाजारात आली आणि भारतात वाइन पिणाऱ्यांची एक पिढी तिच्यावर तयार झाली. सोलापूर जिल्ह्यात अकलूजला फ्राटेली आहे. बंगळूरजवळ नंदी हिल्सला ग्रोव्हर १९८८ पासून आहे, ती पुढे नाशिकच्या झाम्पाशी एक होऊन ग्रोव्हर झाम्पा झाली. पाहुणा महाराष्ट्रातून आलेला असेल तर नाशिक किंवा अकलूजची बाटली मागवण्यात एक गोडी आहे, बोलायला विषयही मिळतो.

परदेशी वाइनची किंमत पाहून ती चांगलीच असणार असं समजू नका. कित्येक वर्षं आयात वाइनवर १५० टक्के शुल्क होतं, त्यामुळे फ्रान्समध्ये अगदी साधी असलेली बाटली इथल्या यादीवर महागात बसते. त्याच पैशांत भारतीय वाइनमधली वरची श्रेणी मिळते. सुरुवातीला मी नवख्यांना तीच सुचवतो.

एवढ्या जाती लक्षात ठेवल्या तरी पुरेसं आहे. पांढऱ्यात सोव्हिन्यो ब्लाँ (आंबटसर, तरतरीत) आणि शेनिन ब्लाँ (भारतात बहुतेक वेळा किंचित गोडसर). लालमध्ये शिराझ (भरदार, मिरीसारखा तिखटपणा) आणि कॅबर्ने सोव्हिन्यो (जास्त तुरट). मध्ये रोझे, गुलाबी. आणि बुडबुड्यांची स्पार्कलिंग, तिच्यावर ब्रूट लिहिलेलं असेल तर ती कोरडी, म्हणजे गोड नाही. स्पार्कलिंगला सरसकट शॅम्पेन म्हणू नये. ते नाव फ्रान्सच्या शॅम्पेन भागात तयार झालेल्या वाइनचं आहे.

जोड्या लावताना “मटणाला लाल, माशाला पांढरी” हा नियम ऐकलेला असतो. आपल्या जेवणाला तो अर्धाच लागू पडतो, कारण आपल्या ताटात मांसापेक्षा मसाला बोलतो. मिरचीची आग अल्कोहोलनं वाढते. लाल वाइनमध्ये द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून टॅनिन उतरतं, कच्च्या सुपारीनं जीभ आवळते तसं ते तोंड आवळतं, आणि झणझणीत रश्श्यासोबत ते कडवट लागतं. झणझणीत मटणासोबत १४ टक्क्यांची शिराझ घेतली की दोघांचीही चव जाते. अशा वेळी थंडगार, थोडी गोडसर शेनिन ब्लाँ घ्यावी. गोडवा मिरचीची धार कमी करतो. लालच हवी असेल तर हलकी, ओकच्या पिंपात न मुरवलेली घ्या.

उलट, मसाला सौम्य आणि तूप-लोणी भरपूर असेल तर टॅनिन कामी येतं. दाल मखनी, गलौटी कबाब, सौम्य रोगनजोश, भट्टीतलं मटण यांच्याबरोबर शिराझ फार छान जुळते, कारण स्निग्धपणा आणि प्रथिनं तिची तुरट बाजू मऊ करतात. मलाई टिक्का, पनीर, दही कबाब यांना सोव्हिन्यो ब्लाँ. तळलेलं आणि वर लिंबू पिळलेलं काहीही असेल, गराडूसुद्धा, तर स्पार्कलिंग ब्रूट. बुडबुडे आणि आंबटपणा तेलकट तोंड स्वच्छ करतात. भुट्ट्याच्या कीसाला शेनिन ब्लाँ, कणसाचा गोडवा तिला जुळतो. गुलाबजाम किंवा मावा बाटीबरोबर वाइन टाळावी हे बरं, कारण पदार्थ वाइनपेक्षा गोड असला की वाइन आंबट लागते. द्यायचीच असेल तर लेट हार्वेस्ट म्हणून मिळणारी गोड वाइन छोट्या बाटलीत मागवा.

चौघांच्या टेबलावर एकाला मटण, एकीला पनीर, एकाला चायनीज असं असेल तर डोकं खाजवत बसू नका. रोझे किंवा ब्रूट घ्या. दोन्ही बहुतेक पदार्थांशी जमवून घेतात.

किती मागवायची? बाटली ७५० मिलीची, १५० मिलीचा ग्लास धरला तर पाच ग्लास. तिघं पिणारे असतील तर एक बाटली पुरते आणि दुसरी गप्पा रंगल्यावर ठरवावी. दोघांत एकच ग्लास प्यायचा असेल तर ग्लासवारी मागवायची इच्छा होते, पण आधी विचारा: “यह बोतल कब खुली थी?” उघडलेली वाइन फ्रिजमध्ये दोन-तीन दिवसच चांगली राहते. जिथे रोज मोजकेच लोक वाइन मागवतात तिथे आठवडाभर उघडी पडलेली बाटलीसुद्धा ग्लासात येऊ शकते. उत्तर गुळमुळीत आलं तर ३७५ मिलीची हाफ बाटली मागा.

पांढरी आणि रोझे घेताना बाटलीवरचं वर्ष पाहा. साध्या श्रेणीची पांढरी वाइन जपून ठेवण्यासाठी केलेली नसते. गेल्या दोन-तीन वर्षांतली असेल तर उत्तम. जुनी म्हणजे भारी, ही समजूत या बाटल्यांना लागू नाही, आणि उष्ण शहरात गोदामात पडलेल्या बाटलीला तर नाहीच.

बजेट पाहुण्यासमोर बोलायचं नसतं. यादी उघडा, तुम्हाला परवडेल त्या किमतीवर बोट ठेवा आणि कॅप्टनला दाखवून म्हणा, “हमें कुछ इस तरह का चाहिए, थोड़ा ड्राय.” तो आकडा बघतो, पाहुण्याला काही कळत नाही. चांगला कॅप्टन त्याच किमतीच्या आसपासचं सुचवतो. त्यानं दुप्पट किमतीची बाटली पुढे केली तर “आज यही ठीक है” म्हणून आपल्या बोटाखालचीच घ्या.

५. बाटली टेबलावर आल्यावर

इथे काय होतं ते क्रमानं सांगतो, कारण नवख्याची खरी धांदल इथेच उडते.

कॅप्टन न उघडलेली बाटली तुमच्यासमोर धरतो. लेबल वाचा: तीच कंपनी, तीच जात, तेच वर्ष आहे ना? सांगितली सोव्हिन्यो ब्लाँ आणि आली शेनिन, असं सर्रास होतं. याच वेळी बाटलीला हात लावून बघा. पांढरी असेल तर थंड लागली पाहिजे. ठीक असेल तर मान हलवा, मग तो उघडतो. भारतीय वाइनपैकी बऱ्याच बाटल्यांना फिरकीचं झाकण असतं, त्यात कमीपणा काही नाही.

मग तो तुमच्या ग्लासात दोन घोट ओततो. हे “आवडली का?” असं विचारणं नसतं, बाटली खराब नाही ना एवढंच पाहायचं असतं. ग्लास देठाला धरा, एकदा हलकेच फिरवा, वास घ्या, एक छोटा घोट घ्या. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा, ओल्या तळघरासारखा वास आला तर बुचाचा दोष आहे. व्हिनेगरसारखा आला तर वाइन आंबून गेली आहे. दोन्ही वेळा “यह बोतल ठीक नहीं लग रही, आप भी देख लीजिए” असं शांतपणे सांगा. बाटली बदलून मागणं हा तुमचा हक्क आहे. पण नुसती चव आवडली नाही म्हणून ती परत करता येत नाही. सगळं ठीक असेल तर “ठीक है, डालिए” एवढंच पुरे. वासाचं वर्णन करायची गरज नाही, गुळण्या करायची तर नाहीच.

वाइन ज्या कुणी मागवली त्यानं किंवा तिनं ती चाखावी. पुष्कळ ठिकाणी बाईनं मागवली तरी ग्लास पुरुषापुढे येतो. तेव्हा ग्लास तिच्याकडे सरकवा आणि कॅप्टनला स्पष्ट सांगा. त्यानंतर आधी पाहुण्यांचे ग्लास, शेवटी तुमचा. ग्लास एक तृतीयांशच भरायचा, वरच्या मोकळ्या जागेत वास साठतो आणि वाइन गरम व्हायच्या आत संपते.

तापमानाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. स्पार्कलिंग ६ ते ८ अंशांना, पांढरी आणि रोझे ८ ते १२ अंशांना, लाल १६ ते १८ अंशांना चांगली लागते. लाल वाइन “खोलीच्या तापमानाला” द्यावी म्हणतात ती थंड मुलखातली खोली. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशीच्या पुढे जातो, एसी लावलेली खोलीही पंचवीसच्या आसपास असते. त्या उन्हाळ्यात लाल बाटलीही बर्फाच्या बादलीत दहा-पंधरा मिनिटं ठेवायला सांगा. संकोचू नका. गरम लाल वाइनमधून अल्कोहोलचाच भपकारा येतो, फळाचा वास लागत नाही. बादलीत नुसता बर्फ नको, बर्फात पाणीही हवं, कारण पाणी बाटलीला चारी बाजूंनी लागतं आणि ती लवकर गार होते. ग्लासात बर्फाचे खडे मात्र टाकू नयेत, वाइन पातळ होते. पण वयस्क पाहुण्यानं स्वतःहून मागितले तर मुकाट्यानं द्यावेत.

न पिणाऱ्यांचाही मान तेवढाच ठेवा. ताजा लिंबू सोडा, जलजिरा, कोकम, जे मिळेल ते वाइनच्या आधी त्यांच्यासमोर आलं पाहिजे, आणि शक्य असेल तर तसाच देखणा ग्लास मागून घ्या. पाण्याची बाटली सगळ्यांसाठी मधे असावी. काही वाइन स्वच्छ करताना अंड्याचा पांढरा भाग, दुधाचं प्रथिन किंवा माशापासून काढलेला पदार्थ वापरतात. कडक शाकाहारी पाहुण्याला हे माहीत असू शकतं. त्यानं विचारलं तर उगाच “नाही हो, तसं काही नसतं” म्हणू नका.

एक नमुना ऑर्डर देतो. एप्रिलची रात्र, पुण्याचा मित्र, त्याची शाकाहारी बायको, तुम्ही दोघं, आणि तुमची बायको वाइन घेत नाही. बसल्याबसल्या तिच्यासाठी लिंबू सोडा, बाकीच्यांसाठी आधीच गार करून ठेवलेली सोव्हिन्यो ब्लाँ. सोबत भुट्ट्याचा कीस आणि पनीर टिक्का, मित्रासाठी अर्धी प्लेट मलाई टिक्का. ते संपत आलं की दाल मखनी, एक कोरडी भिंडी, एक कमी तिखट चिकन, रोट्या दोन-दोन. बाटली इथपर्यंत पुरेल. मित्राला लाल हवी असेल तर दाल मखनी येताना शिराझची हाफ बाटली, दहा मिनिटं बर्फात ठेवलेली. शेवटी हाफ जिरा राइस, तोही कुणी मागितला तरच.

६. बिल आणि त्यानंतर

बिलावरून टेबलावर ओढाताण होऊ नये म्हणून ते आधीच मिटवा. हात धुवायला जाण्याच्या निमित्तानं उठा आणि काउंटरवर कार्ड देऊन या. पण तपासून. जेवणावर जीएसटी साधारण ५ टक्के असतो, मोठ्या तारांकित हॉटेलांतल्या काही रेस्टॉरंटमध्ये १८ टक्के. वाइनवर जीएसटी लागत नाही, राज्याचा व्हॅट लागतो, म्हणून तिची ओळ वेगळी दिसते. एकूण बाटल्या आणि रिपीट झालेल्या रोट्या मोजून घ्या. सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही, अशी मार्गदर्शक तत्त्वं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये ती उचलून धरली. बिलात दिसला तर काढायला सांगता येतो. मात्र ज्यानं दोन तास मन लावून वाढलं त्या माणसाच्या हातात टीप स्वतः द्या, ती सर्व्हिस चार्जमध्ये वळती झाली असं समजू नका.

गोड मेन्यूवरून मागवायचं की सराफ्यात जाऊन खायचं, हे पाहुण्याच्या पायांवर आणि उत्साहावर ठरवा. सोन्याचांदीची दुकानं बंद झाल्यावर तिथे खाण्याच्या गाड्या लागतात आणि मध्यरात्र उलटेपर्यंत चालतात, म्हणजे साडेदहाला जेवण आटोपलं तरी वेळ भरपूर आहे. गरम जलेबी किंवा मावा बाटी, आणि इंदूरची दाट दुधाची शिकंजी दोघांत एक. गर्दी असते, उभं राहून खावं लागतं, तेव्हा गुडघे दुखणाऱ्या काकूंना तिथे नेण्यापेक्षा पार्सल आणून द्यावं.

आणि गाडी ज्यानं वाइन घेतली त्यानं चालवायची नाही. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर मोटार वाहन कायद्यानुसार पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कॅब जाताना आणि येताना दोन्ही वेळा करा, आणि पाहुण्यांना हॉटेलच्या दारापर्यंत सोडून मग घरी जा.